वाळवंटात धनुष्यबाण घेऊन शिकारीला जाणारे लोक बाणांच्या आधी पाण्याचे कॅन का मोजतात?

वाळवंट, मित्रमंडळी, जीप आणि शिकार हे चार शब्द एकत्र आले की आपल्याकडे थेट जोधपूर आठवतं. १९९८ चा ऑक्टोबर, सिनेमाच्या शूटिंगसाठी गेलेली मंडळी, कांकाणी गावाजवळचे काळवीट, जीपच्या मागे धावलेले बिष्णोई गावकरी. खालच्या कोर्टाचा निकाल यायला २०१८ साल उजाडलं. ५ वर्षांची शिक्षा झाली, त्यावर अपील झालं. अभिनेत्याचं नाव सांगायची गरज नाही.

भारतात हा विषय इथेच संपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आणली. बंदूक असो, धनुष्यबाण असो की फासे, फरक पडत नाही. प्राण्याला हाकारून एका बाजूला आणणं किंवा आमिष लावणं हेसुद्धा या कायद्यात शिकारच धरलं जातं. त्यामुळे राजस्थानात तंबू ठोकून चांदणं बघता येतं, बाण सोडता येत नाही.

पण इंस्टाग्रामवर गेल्या काही वर्षांत एक वेगळंच वाळवंट फिरतंय. सग्वारो नावाचे दुमजली घराएवढे उंच निवडुंग, अंगावर मातीच्या रंगाचे कपडे, हातात कप्प्या लावलेलं धनुष्य आणि रात्री शेकोटीभोवती बसलेले चार मित्र. हे सोनोरन वाळवंट. ते अमेरिकेत अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियात आहे आणि सीमा ओलांडून मेक्सिकोत पसरलंय. यातल्या अ‍ॅरिझोनात दर जानेवारीत हजारो लोक सरकारी परवाना काढून, फक्त धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. बहुतेक जण रिकाम्या हाताने परत येतात.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट अशी की या सहलीतले महत्त्वाचे निर्णय वाळवंटात घ्यायचे नसतात. किती अंतरावरून बाण सोडायचा, पाणी किती उरलं की मागे फिरायचं, मित्र वेळेत आला नाही तर काय करायचं, हे सगळं घरी, पंख्याखाली बसून ठरवायचं असतं. समोर हरीण उभं असताना किंवा घसा कोरडा पडलेला असताना माणूस नीट विचार करत नाही, आणि शेजारी मित्र असतील तर त्याहून कमी करतो.

आधी कागद, मग बाण

अ‍ॅरिझोनात शिकारीचं सगळं काम तिथलं वन्यजीव खातं बघतं. त्याचं नाव अ‍ॅरिझोना गेम अँड फिश डिपार्टमेंट. राज्याचे नकाशावर तुकडे पाडलेत, त्यांना युनिट म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर आहे. शिकाऱ्याला दोन गोष्टी लागतात. एक, वर्षाचा परवाना. दुसरी, टॅग, म्हणजे एका विशिष्ट प्राण्याची चिठ्ठी. बंदुकीने हरीण मारायचं तर टॅगसाठी लॉटरीत नंबर लागावा लागतो. धनुष्यबाणाचा टॅग बऱ्याच युनिटसाठी थेट विकत मिळतो, म्हणून जानेवारीत एवढी गर्दी. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांसाठी आता या टॅगची संख्याही ठरवून दिली आहे, त्यामुळे ‘डिसेंबरच्या शेवटी बघू’ म्हणणारे घरीच बसतात.

एका माणसाला एका कॅलेंडर वर्षात एकच हरीण. जानेवारीत मिळालं की त्या वर्षाचा विषय संपला. नाही मिळालं तर तोच टॅग पुढे ऑगस्ट आणि डिसेंबरच्या हंगामात वापरता येतो.

अलीकडे यात आणखी एक कलम आलंय. युनिटनुसार कोटा. तेवढी हरणं मारली गेल्याची नोंद झाली की तो भाग धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी बंद. म्हणून प्रत्येकाने हरीण मिळाल्यापासून ४८ तासांत खात्याला कळवायचं असतं. आता कल्पना करा, चार मित्र सुट्ट्या जुळवून, ६ तास गाडी चालवून पोहोचतात आणि तिथे कळतं की युनिट आधीच बंद झालंय. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी खात्याच्या वेबसाइटवर कोटा बघायचा, आणि शेजारच्या एखाद्या युनिटचाही नकाशा डाउनलोड करून ठेवायचा. तिथे नेटवर्क मिळेल या भरवशावर राहायचं नाही.

धनुष्यालाही नियम आहे. ओढ किमान ३० पाउंडांची हवी. बाणाचं टोक धातूच्या धारदार पात्यांचं आणि किमान पाऊण इंचाहून थोडं जास्त, नेमकं सांगायचं तर ७/८ इंच रुंद हवं. या टोकाला ब्रॉडहेड म्हणतात, आणि ते दाढीच्या ब्लेडइतकं धारदार असतं. जंगलात बसवलेल्या कॅमेऱ्यांच्या मदतीने शिकार करायला १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे. त्याचं एक कारण वाळवंटातच आहे. पाण्याच्या जागा मोजक्या असतात, एकेका पाणवठ्यावर कॅमेऱ्यांची रांग लागायला लागली होती. तहानलेला प्राणी कधी येणार हे घरबसल्या मोबाईलवर कळत असेल तर मग ती शिकार कसली?

फिनिक्स आणि चँडलर परिसरात चिप आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमुळे मराठी घरंही आहेत, आणि ऑफिसातल्या अमेरिकन मित्राकडून ‘येतोस का?’ असं विचारलं जाणं तिथे नवीन नाही. तर एक माहिती. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात धनुष्य हे ‘फायरआर्म’ धरलं जात नाही, त्यामुळे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदुकीबाबत जी बंधनं आहेत ती साध्या धनुष्याला लागत नाहीत. परवाना आणि टॅग मात्र प्रत्येकाला लागतो. नुसतं सोबत जायचं, स्वयंपाक करायचा आणि दुर्बिणीतून बघायचं असेल तर टॅग लागत नाही, आणि पहिल्या वर्षी तेच केलेलं बरं.

०.३ सेकंदांचा प्रश्न

जानेवारीच का? कारण हा दक्षिण अ‍ॅरिझोनातल्या हरणांचा माजाचा काळ. एरवी अत्यंत सावध असलेले नर माद्यांच्या मागे दिवसाढवळ्या फिरतात. हरणं दोन जातींची. पहिलं म्यूल डिअर. म्यूल म्हणजे खेचर, आणि कान तसेच मोठे. दुसरं कूज डिअर, अंगाने लहान, नर साधारण ४५ किलोचा, रंग असा की दगडात उभं असलं तर दुर्बिणीतूनही दिसू नये. एलियट कूज हा लष्करातला डॉक्टर आणि पक्षीतज्ज्ञ, त्याच्या नावावरून हे नाव पडलं. खरं तर तो स्वतःच्या आडनावाचा उच्चार ‘काउज’ असा करायचा, पण आता ते कोणी ऐकत नाही. याच दिवसांत लॉटरीत नंबर लागलेल्यांना हावेलिनाही मारता येतो. हा दिसतो डुकरासारखा, पण डुकरांच्या कुळातला नाही. कळपाने राहतो, फड्या निवडुंग काट्यांसकट खातो, नजर अधू आणि नाक तिखट.

बंदूकवाला २५०-३०० मीटरवरून गोळी झाडू शकतो. धनुष्यवाल्याला ३०-४० मीटरवर पोहोचावं लागतं, आणि वाळवंटात लपायला झाडच नसतं. म्हणून इथली पद्धत वेगळी. पहाटे टेकडीवर बसायचं, ट्रायपॉडवर मोठी दुर्बीण लावायची आणि समोरचा डोंगर उतार इंचाइंचाने तपासायचा. तासन् तास. हरीण दिसलं आणि सावलीत बसलं की मग वाऱ्याचा अंदाज घेत त्याच्याकडे निघायचं. थंड पहाटे हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की वर चढायला लागते. सकाळी ८ ला बरोबर असलेला रस्ता १० वाजता चुकीचा ठरतो, कारण आता तुमचा वास सरळ हरणाच्या नाकात. शिकारी खिशात पावडरची छोटी बाटली ठेवतात आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून बघतात. शेवटचे ५०-६० मीटर काही जण बूट काढून फक्त जाड मोज्यांवर जातात. खाली काय असतं? खडे आणि काटे.

एवढं करून बाण सोडायची वेळ आली, की भौतिकशास्त्र मध्ये येतं.

आजचं कंपाउंड धनुष्य अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर अ‍ॅलन या माणसाने बनवलं. पेटंटचा अर्ज १९६६ चा, मंजुरी १९६९ ची. दोन्ही टोकांना कप्प्या असल्यामुळे सुरुवातीला ६० पाउंड, म्हणजे २७ किलोचा जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की हातावरचं वजन ८० टक्क्यांपर्यंत कमी होतं. उरतात ५-६ किलो. त्यामुळे नेम धरून थांबता येतं. बाण सुटतो साधारण सेकंदाला ८५ मीटर वेगाने.

आवाज मात्र सेकंदाला ३४० मीटर वेगाने जातो. हरीण ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर उभं असेल तर बाण पोहोचायला ०.४३ सेकंद लागतात आणि दोरीचा ‘टप्’ आवाज ०.११ सेकंदांत पोहोचतो. मधले ०.३ सेकंद हरणाचे. घाबरलेलं हरीण उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली बसकण मारतं, आणि छातीवर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो. तो चुकला तर ठीक. पाठीत किंवा पोटात घुसला तर खरी वाईट गोष्ट सुरू होते. जखमी हरीण काही किलोमीटर जाऊन कुठेतरी काट्यात पडतं आणि कोणालाच मिळत नाही.

म्हणून आपली मर्यादा घरी ठरवायची. जुनी आणि साधी पद्धत कागदी प्लेटची. हरणाच्या छातीतली हृदय-फुप्फुसाची जागा साधारण २०-२५ सेंटिमीटरची, म्हणजे नाश्त्याच्या प्लेटएवढी. ज्या अंतरावरून सगळेच्या सगळे बाण त्या प्लेटमध्ये बसतात, ती तुमची मर्यादा. १० पैकी ८ बसत असतील तर पुढे या. यूट्यूबवर कोणी ९० यार्डांवरून फोमच्या हरणाला बाण मारत असेल तर फोमला कान नसतात हे लक्षात ठेवायचं.

सराव जून-जुलैपासून, आणि सपाट मैदानावर उभं राहून नाही. गुडघ्यावर, बसून, उतारावरून, पाठीवर सॅक घेऊन, चढ चढून धाप लागलेली असताना. डोंगरावर वरून खाली मारताना डोळ्यांना दिसणारं तिरकं अंतर फसवतं, बाणाला हिशोब लागतो तो आडव्या अंतराचा. चांगले अंतरमापक हा कोन धरूनच आकडा सांगतात. काही अनुभवी शिकारी शेवटच्या महिन्यात रोज सकाळी एकच बाण मारतात. हात गार, अंग आखडलेलं, दुसरी संधी नाही. डोंगरात तसंच होणार असतं. दिवसभरातला चाळिसावा बाण मध्यभागी बसला याला तिथे काही किंमत नाही.

आणि सरावाच्या शेवटच्या टप्प्यात ब्रॉडहेड लावूनच बाण मारून बघायचे, कारण साध्या टोकाचा आणि पात्यांच्या टोकाचा बाण एकाच जागी जाईलच असं नाही. धनुष्य उन्हात बंद गाडीत ठेवायचं नाही. उष्णतेने दोरी ताणते, डिंक सुटतो, आणि बसवलेला नेम बिघडलाय हे कळतं ते हरीण निघून गेल्यावर.

रांजणाजवळचा माणूस

अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेला ‘आहो’ नावाचं गाव आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ लसूण, मराठी कानाला मात्र कोणीतरी नवऱ्याला हाक मारल्यासारखं वाटतं. तिथून पश्चिमेला युमाकडे जाणारा एक जुना रस्ता आहे, कामिनो देल दियाब्लो, म्हणजे सैतानाचा रस्ता. याच रस्त्यावर तिनाहास आल्तास नावाची जागा आहे. तिनाहा म्हणजे रांजण. नगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीने खडकात कोरलेले रांजणखळगे पाहिले असतील तर ही जागा डोळ्यांपुढे येईल, फक्त नदी वजा करायची. पावसाचं पाणी खडकातल्या खळग्यांत साठतं आणि मैलोन् मैल दुसरं पाणी नसतं.

१९०५ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यू. जे. मॅगी हे शास्त्रज्ञ इथे तंबू ठोकून हवामानाच्या नोंदी घेत होते. पाब्लो वालेन्सिया आणि त्याचा साथीदार सोन्याच्या खाणीच्या शोधात तिथून पुढे गेले. वाटेत पाणी कमी पडतंय म्हणून साथीदार घोडे घेऊन पाणी आणायला मागे फिरला, पुढे अमुक ठिकाणी भेटायचं ठरलं. दोघांची चुकामूक झाली. पाब्लोकडे साधारण एका दिवसाचं पाणी होतं आणि तो जवळजवळ ७ दिवस त्या उन्हात चालत, शेवटी रांगत होता. एका पहाटे मॅगींना गुरासारखं हंबरणं ऐकू आलं. जाऊन पाहिलं तर पाब्लो. ओठ आक्रसून गेलेले, कातडी काळवंडलेली, जखमांतून रक्तही येत नव्हतं. तो वाचला. मॅगींनी त्याच्या अवस्थेवर लिहिलेला निबंध तहानेच्या अभ्यासात आजही वाचला जातो.

पाणी कमी होतं हे खरंच. पण पाब्लोला मृत्यूच्या दारात नेलं ते ‘पुढे भेटू’ या शब्दांनी. चुकामूक झाली तर काय, हे ठरलंच नव्हतं.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचा आजचा साधा सल्ला माणशी दिवसाला किमान १ गॅलन, म्हणजे जवळजवळ ४ लिटर पाण्याचा आहे. चार मित्र, ५ दिवस, म्हणजे फक्त पिण्यासाठी ८० लिटर. त्यात स्वयंपाक, हात धुणं आणि गाडी बंद पडली तर एका जादा दिवसाचं पाणी धरलं की आकडा १२० लिटरच्या आसपास जातो. म्हणजे २० लिटरचे ६ कॅन, म्हणजे १२० किलो. गाडीत सगळ्यात आधी हे चढतात, मग उरलेल्या जागेत तंबू, आईसबॉक्स आणि धनुष्य. एकच मोठी टाकी घेणारे असतात. ती खडबडीत रस्त्यावर फुटली की सगळं पाणी एका मिनिटात वाळूत. सहा कॅनपैकी एक फुटला तर शिव्या देऊन भागतं.

डोंगरात फिरताना नियम असा करतात की पाठीवरचं पाणी अर्धं संपलं की तोंड गाडीकडे. हरीण समोर बसलेलं असलं तरी. जानेवारीत हवा गार असल्यामुळे तहान लागत नाही आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो, हा वेगळाच धोका. दुपारी १८-२० अंश आणि पहाटे गोठणबिंदूच्या जवळ, असा या दिवसांतला हिशोब आहे. ऑगस्टच्या हंगामाला जाणाऱ्यांचं गणित वेगळं, तिथे सखल भागात पारा सहज ४० च्या वर असतो. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस तो ४३ अंशांच्या वर होता.

वाळवंटात प्राण्यांसाठी खात्याने बांधलेल्या पावसाच्या पाण्याच्या टाक्याही असतात. त्या भरवशावर जायचं नाही, आणि तिथे तंबूही ठोकायचा नाही. प्राण्यांना जवळपास तेवढंच पाणी असेल तर त्या पाण्याच्या पाव मैलाच्या आत, म्हणजे ४०० मीटरच्या आत मुक्काम करणं अ‍ॅरिझोनात गुन्हा आहे. कारण साधं आहे. शेकोटीभोवती माणसं बसली असतील तर हरीण रात्री पाण्यावर येत नाही.

तंबू कुठे ठोकायचा

कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही. तिथली वाळू सपाट आणि मऊ असते, म्हणून नवखा माणूस हमखास तिथेच थांबतो. पाऊस ३० किलोमीटरवर डोंगरात पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो, डोक्यावर चांदण्या असताना. गाडीही अशा वाहत्या ओढ्यात घालायची नाही. अडथळे लावून बंद केलेल्या पुराच्या रस्त्यात घुसून अडकणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करायचा कायदा अ‍ॅरिझोनाने १९९५ मध्ये केला. लोक त्याला सरळ ‘मूर्ख ड्रायव्हर कायदा’ म्हणतात. आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या काही पुलांवर तो लावायला हरकत नाही.

जमीन कडक असते, साध्या खुंट्या वाकतात, जाड लोखंडी खिळे न्यायचे. गाडीला दोन स्टेपनी आणि हवा भरायचा छोटा पंप लागतोच, काट्यांनी टायर बाजूने फाटतात आणि तिथे पंक्चर काढणारा बसलेला नसतो. प्रथमोपचाराच्या पेटीत एक स्वस्त कंगवा टाकायचा. चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा कपड्याला, कातडीला नुसता लागला तरी चिकटतो, हाताने काढायला गेलं की हातालाही बसतो. कंगव्याने उडवून टाकायचा आणि राहिलेले काटे पकडीने ओढायचे. सकाळी बूट झटकून घालायचे, विंचू असतात. खुळखुळ्या सापांच्या १३ जाती या एका राज्यात आहेत. थंडीत ते बहुतेक बिळात असतात, पण उबदार दुपारी खडकावर हात टाकण्याआधी बघायचं. इथल्या धुळीत एका बुरशीचे कण असतात, त्यातून व्हॅली फीवर नावाचा फुप्फुसाचा आजार होतो. परतल्यावर काही आठवड्यांनी ताप-खोकला रेंगाळला तर डॉक्टरला वाळवंटात गेलो होतो हे सांगायचं, नाहीतर साधा न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात.

आहोच्या पश्चिमेचा मोठा भाग हवाई दलाच्या बॉम्बफेकीच्या सरावाचा आहे. तिथे वेगळा परवाना आणि ‘काही झालं तर जबाबदारी माझी’ अशी सही लागते, कारण न फुटलेला दारूगोळा अजून जमिनीत आहे. चमकणारी धातूची वस्तू उचलायची नाही.

मित्र

चार चांगले मित्र असले म्हणजे चांगली टीम झाली असं नाही. कोण कुठल्या डोंगरावर जाणार, हे रोज सकाळी कागदावर लिहून गाडीच्या काचेला लावायचं. अंधार पडल्यावर किती वेळाने शोध सुरू करायचा, कोणी करायचा आणि गाडीजवळ कोण थांबणार, हे आधी ठरवायचं. हरवलेल्याने काय करायचं हेही ठरवायचं. तो एका जागी थांबणार की चालत राहणार? पाब्लो आणि त्याच्या साथीदारात एवढं बोलणं झालं असतं तर मॅगींना निबंध लिहायला विषय मिळाला नसता. पाचवा माणूस शहरात हवा, ज्याला परतायची वेळ माहीत आहे आणि ती उलटली की शेरीफच्या ऑफिसला फोन करायचा आहे.

मोबाईल टॉवर नसतात, म्हणून सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र बरेच जण नेतात. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्येही अमेरिकेत संकटात सॅटेलाइटने मदत मागता येते. यातलं वेगळं यंत्र घेतलेल्यांनी एवढं करावं, भारतात सुट्टीला येताना ते बॅगेत ठेवू नये. इथे परवानगीशिवाय असं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक याच कारणाने अडकले आहेत.

आणखी एक नाजूक बोलणं असतं. एकाच हरणामागे दोघं असतील तर बाण कोणाचा? कोणाला कधीच संधी मिळाली नाही तर? आणि हरीण कोणाचंही असो, मांस वाहायला सगळे येणार का? हे शेवटचं तर आधीच ‘हो’ करून घ्यायचं. म्यूल डिअरचं मांस आणि शिंगं मिळून ३०-४० किलो सहज होतात आणि गाडी ५ किलोमीटरवर असते.

बाण लागल्यानंतर

नवख्याला वाटतं इथे काम संपलं. बाण छातीतून आरपार गेला असेल तर हरीण बहुतेक वेळा शे-दीडशे मीटरच्या आत पडतं. तरी अर्धा तास जागेवर थांबायचं, लगेच मागे धावलं तर जखमी जनावर जीव खाऊन पळतं. बाण सापडला तर त्यावरचं रक्त बघायचं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. हिरवट, घाण वासाचं असेल तर पोट, आणि मग ६-८ तास थांबायचा सल्ला दिला जातो.

वाळवंटातला खरा पेच इथे आहे. थांबलं तर उन्हात मांस खराब होणार, कायोटी येणार. न थांबलं तर हरीण उठून निघून जाणार. जानेवारीच्या संध्याकाळी रात्रभर थांबता येतं, थंडी मदत करते. ऑगस्टच्या सकाळी तसं थांबता येत नाही. म्हणून गरम हंगामात शहाणे शिकारी आपली अंतराची मर्यादा आणखी कमी करतात, कारण चुकीच्या बाणाला तिथे दुरुस्ती नाही.

रक्ताचे थेंब कोरड्या दगडांवर काही मिनिटांत काळे पडतात आणि नेहमीच्या डागांसारखे दिसायला लागतात. प्रत्येक थेंबाजवळ टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत एकाने पुढे जायचं, बाकीच्यांनी माग न तुडवता बाजूने. मागे वळून बघितलं की पांढऱ्या तुकड्यांची रेघ हरीण कुठे वळलं ते सांगते. तुकडे परत गोळा करायचे.

हरीण मिळालं की टॅग तिथल्या तिथे लावायचा. मग घाई. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे जिवाणू वेगाने वाढतात, आणि हरणाच्या केसाळ कातडीखाली मांस तासन् तास कोमट राहतं. कातडी लवकर उतरवायची, मोठे तुकडे सुटे करायचे, जाळीदार सुती पिशव्यांत घालून सावलीत वारा लागेल असे टांगायचे. नर की मादी हे ओळखता येईल असा भाग मांसाला जोडलेला ठेवावा लागतो, वाटेत तपासणी होते. आईसबॉक्समध्ये सुटा बर्फ टाकण्यापेक्षा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या बऱ्या. मांस वितळलेल्या पाण्यात बुडत नाही, आणि परतीच्या वाटेवर तेच पाणी पिता येतं. खाण्याजोगं मांस टाकून देणं बेकायदा आहे. नुसती शिंगं घेऊन फोटो काढणाऱ्याला दंड बसतो.

हा सगळा खर्च जातो कुठे, हेही बघण्यासारखं आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला, १९७२ मध्ये त्यात धनुष्यंही आली. आज धनुष्यावर ११ टक्के कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. वर सांगितलेल्या पाण्याच्या टाक्यांसारखी कामं त्यातूनही होतात. शिकार न करणाऱ्या अनेक अमेरिकनांना हा व्यवहार पटतो, अनेकांना अजिबात पटत नाही, आणि तिथे त्यावर वाद चालूच असतो.

टॅग वापरला गेला असेल तर ४८ तासांत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करायची. नेटवर्क येणाऱ्या पहिल्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवून लोक हेच करतात, आणि मग शहरातल्या त्या पाचव्या माणसाला मेसेज टाकतात की चौघं निघालोय.